टर्बो गाडीत पुढचा बदल कोणता करायचा?

पेट्रोल टर्बो गाडीला रीमॅप झाला (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला मॅप, म्हणजे प्रोग्राम बदलला), एअर फिल्टर बदलून झाला, आणि आता पुढे काय हा प्रश्न असेल, तर सुट्या भागांच्या याद्या चाळू नका. उत्तर तुमच्या गाडीच्या लॉगमध्ये, म्हणजे चालत्या इंजिनाच्या सेन्सरांच्या नोंदीत, आहे. कोणत्याही इंजिनात एका वेळी एकच गोष्ट सगळ्यांत आधी कमी पडते. कुठे हवा पुरेशी थंड होत नाही, कुठे पेट्रोल पुरत नाही, कुठे टर्बोचाच, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचाच, दम संपतो, कुठे क्लच घसरतो. जिथे कमी पडतंय तिथे खर्च केला तर फरक जाणवतो, नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पण लॉग घेण्याआधी इंजिन धडधाकट आहे का ते बघा. इंजिन गरम करून, स्पार्क प्लग काढून, इंधन आणि इग्निशन बंद ठेवून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून कॉम्प्रेशन मोजा. सिलिंडर-सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर ताकद वाढवायचा विचार तिथेच थांबवा आणि आधी कारण शोधा. स्पार्क प्लग काढलेलेच आहेत, तर गॅपही (टोकांमधलं अंतर) बघून घ्या. बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा जादा दाब, वाढवल्यावर ०.८ मिलिमीटरचा गॅप अनेकदा जास्त ठरतो आणि भरधाव खेचताना ठिणगी विझते. गाडी अडखळते, आणि लोक इंधन पंपाला दोष देतात. बहुतेक रीमॅप केलेल्या इंजिनांना ०.६ ते ०.७ मिलिमीटर गॅप आणि एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग मानवतो.

त्यानंतर गळती. टर्बोच्या तोंडाशी, एअर फ्लो सेन्सर आणि टर्बो यांच्या मधल्या भागात, घट्ट बसणारी टोपी लावा आणि हवा भरायच्या कॉम्प्रेसरने हळूहळू एक ते दीड बारपर्यंत हवा भरा. क्रॅंककेसकडे (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागाकडे) जाणारी श्वासनळी आधी बंद करा, नाहीतर ती हवा क्रॅंककेसमध्ये शिरून ऑइल सील बाहेर ढकलू शकते. साबणाचं पाणी फवारलं की बुडबुडे जागा दाखवतात: इंटरकूलरचे, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरचे, रबरी सांधे, त्याच्या प्लॅस्टिक टाकीची कड, डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (ॲक्सिलरेटर सोडल्यावर जादा दाब सोडणाऱ्या झडपेचा) फाटलेला पडदा, इंजेक्टरच्या ओ-रिंग. छोटीशी गळतीसुद्धा महाग पडते. ठरलेला बूस्ट गाठण्यासाठी टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं, हवा जास्त तापते, आणि लॉग वाचणाऱ्याला वाटतं की टर्बो लहान पडतोय.

आता लॉग. डायनोवर (गाडी जागेवर ठेवून चाकांची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंद ट्रॅकवर, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये, २५०० आरपीएमपासून रेडलाइनपर्यंत (कमाल आरपीएमपर्यंत) पूर्ण ॲक्सिलरेटर. अशा तीन फेऱ्या घ्या, एकाच प्रतीच्या पेट्रोलवर, आणि बाहेरचं तापमान लिहून ठेवा. मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, इनटेक हवेचं तापमान, प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग (ठिणगीची वेळ) किती मागे खेचलं गेलं, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; १ पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त), इंजेक्टर ड्यूटी (पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती टक्के वेळ उघडा राहतो), इंधनाचा दाब आणि वेस्टगेट ड्यूटी (टर्बोला वळसा देणारी झडप बंद ठेवायला लागणारा जोर) एवढ्या गोष्टी नोंदल्या गेल्या पाहिजेत.

सगळ्यांत आधी हवेचं तापमान आणि टायमिंग एकत्र वाचा. पहिल्या फेरीत सगळं ठीक, पण तिसऱ्या फेरीपर्यंत इनटेकचं तापमान बाहेरच्यापेक्षा २५-३० अंशांनी वर आणि सगळ्याच सिलिंडरचं टायमिंग मागे येतंय, असं दिसलं तर इंटरकूलर कमी पडतोय. रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये रीमॅपनंतर बहुतेक वेळा हाच पहिला अडथळा असतो, म्हणून आमचं मत इंटरकूलर आधी असंच आहे. एकाच सिलिंडरचं टायमिंग मागे येत असेल तर मात्र इंटरकूलरचा संबंध नाही. त्या सिलिंडरचा प्लग, कॉइल आणि इंजेक्टर तपासा.

इंटरकूलर निवडताना नुसता आकार बघू नका. बार-अँड-प्लेट प्रकार जड असतो आणि उष्णता जास्त वेळ पोटात घेतो, म्हणून थोड्या वेळाच्या जोरदार खेचण्याला चांगला. ट्यूब-अँड-फिन हलका असतो, लवकर थंड होतो आणि मागच्या रेडिएटरकडे हवा जास्त जाऊ देतो. पूर्ण प्रवाहाला दाब ०.१ बारपेक्षा जास्त पडू नये. तो का महत्त्वाचा, ते हिशेबातून कळतं. मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) १.२ बार बूस्ट हवा असेल तर समुद्रसपाटीला प्रेशर रेशो, म्हणजे बाहेरच्या दाबाच्या किती पट दाब, २.१८ येतो. इंटरकूलरमध्ये ०.१ आणि फिल्टरमध्ये ०.०५ बार गेला, की टर्बोला प्रत्यक्षात २.४ चं काम करावं लागतं. बसवताना पाइपांच्या टोकाला होज अडकायला उंचवट्याची कड हवीच, आणि सांधे जोडण्यापूर्वी तेलाचा अंश ब्रेक क्लीनरने पुसून काढा. तेलकट पाइपवरून सिलिकॉन होज पहिल्याच जोरात निसटतो.

इंधनाची बाजू आकड्यांनी ठरते. ड्यूटी ८५ टक्क्यांच्या वर गेली की इंजेक्टर संपला असं धरा. समजा चार सिलिंडरच्या पोर्ट इंजेक्शन (पेट्रोल इनटेकच्या वाटेत फवारणाऱ्या) इंजिनातून ३०० हॉर्सपॉवर हवी आहे. बूस्टवर दर हॉर्सपॉवरला तासाला साधारण २५० ग्रॅम पेट्रोल लागतं, म्हणजे ताशी ७५ किलो, म्हणजे सुमारे १०१ लिटर. मिनिटाला १.६९ लिटर, चार इंजेक्टरांत वाटले तर प्रत्येकी ४२० सीसी, आणि ८५ टक्के ड्यूटीसाठी जवळपास ५०० सीसीचा इंजेक्टर. पंपाचा आकडा बघताना लोक फसतात. इंधनाच्या दाबाचा रेग्युलेटर मॅनिफोल्डला जोडलेला असेल तर ३ बारच्या मूळ दाबावर १.२ बार बूस्टला रेलमध्ये (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) ४.२ बार दाब लागतो, आणि दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो. पंपाचा तक्ता त्या दाबाला आणि पंपापाशी प्रत्यक्ष मोजलेल्या व्होल्टेजला वाचा. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं तिथे) मागितलेल्या रेल प्रेशरपेक्षा मिळणारं प्रेशर वरच्या आरपीएमला खाली येऊ लागलं, की हाय-प्रेशर पंपाची मर्यादा आली. पूर्ण ॲक्सिलरेटरवर लॅम्डा ०.७८ ते ०.८५ च्या आसपास असावा. तो टोकाला वर सरकत असेल तर दुसरी फेरी घेऊच नका.

जास्त प्रवाहाच्या डाउनपाइपने (टर्बोनंतरच्या पहिल्या एक्झॉस्ट नळीने) टर्बोच्या मागचा दाब कमी होतो, बूस्ट लवकर येतो आणि एक्झॉस्टची उष्णता लवकर बाहेर पडते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकू नका, जास्त प्रवाहाचा बसवा. रस्त्यावरच्या गाडीसाठी कायदाही तेच सांगतो आणि ताकदीतला फरक फार नसतो. पण वाट मोकळी झाली की मूळच्या लहान वेस्टगेटला बूस्ट आवरत नाही आणि तो वरच्या आरपीएमला आपोआप चढत जातो. म्हणून डाउनपाइप बसवल्यावर जुन्या मॅपवर गाडी पिळू नका.

वेस्टगेट ड्यूटी ९०-९५ टक्क्यांवर चिकटली आहे, गळती नाही, तरी वरच्या आरपीएमला बूस्ट घसरतोय, तेव्हाच टर्बो बदलायची वेळ आली. मिनिटाला एक पौंड हवा म्हणजे साधारण १० हॉर्सपॉवर या हिशेबाने ३०० साठी ३० पौंड. वर काढलेल्या प्रेशर रेशोला तो बिंदू कॉम्प्रेसर मॅपच्या (टर्बोची कार्यक्षमता दाखवणाऱ्या उत्पादकाच्या आलेखाच्या) मधल्या बेटांत पडला पाहिजे, उजव्या कडेला नाही. उगाच मोठा टर्बो घेतला तर रोजच्या वापरातला पिकअप जातो. बॉल बेअरिंगच्या टर्बोला ऑइल फीडमध्ये उत्पादकाने सांगितलेला रिस्ट्रिक्टर (तेलाचा प्रवाह मर्यादित करणारा तुकडा) लावा, आणि परतीची नळी सरळ उतारावर ठेवा, नाहीतर तेल साचून सीलमधून धूर येईल.

कनेक्टिंग रॉड वाकतात ते बहुतेक वेळा टॉर्कने, हॉर्सपॉवरने नव्हे. २५०० ते ३५०० आरपीएममध्ये अचानक येणारा बूस्ट सगळ्यांत घातक. ट्यूनरला तिथला टॉर्क मर्यादित ठेवायला सांगा आणि वरची ताकद मोकळी सोडायला सांगा. लहान डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात कमी आरपीएमला, वरच्या गिअरमध्ये एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्याने वेळेआधी स्फोट होऊन पिस्टन फुटू शकतो. एपीआय एसपी दर्जाचं, योग्य ग्रेडचं तेल वापरा आणि एक गिअर खाली घ्या.

क्लचची चाचणी सोपी आहे: चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये, टॉर्क सर्वाधिक असतो तिथे पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम उसळला आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय, आणि त्यापुढची वाढवलेली ताकद चाकांपर्यंत पोहोचणारच नाही. टायर आणि ब्रेक मात्र लॉगची वाट बघू देत नाहीत. ताकद वाढवण्याआधी चांगले पॅड आणि ताजं डॉट ४ फ्लुइड टाका. जुन्या फ्लुइडने पाणी शोषलेलं असतं, ते तापून उकळतं आणि पेडल खाली जातं.

एका वेळी एकच बदल करा, मॅप त्यानुसार जुळवून घ्या आणि त्याच ट्रॅकवर किंवा त्याच डायनोवर, तशाच हवेत पुन्हा तीन फेऱ्यांचा लॉग घ्या. जुन्या लॉगवर नवा ठेवला की पुढे काय कमी पडतंय ते दिसतं.