मीटर पाच व्होल्ट दाखवतो, मग सर्किट का अडतं?

ओहमचा नियम, रेझिस्टरवरचे रंग, एलईडीचा लांब पाय कुठला, हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालू. नवशिक्याचं घोडं तिथे अडतच नाही. सेन्सर एकटा नीट वाचतो, मोटर एकटी नीट फिरते, डिस्प्ले एकटा नीट उजळतो. तिघांना एका ब्रेडबोर्डवर (भोकांत वायरी खोचून सर्किट जोडायच्या पाटीवर) आणलं की मात्र मायक्रोकंट्रोलर, म्हणजे सगळ्यांना हाकणारी चिप, मध्येच रिसेट होतो, आकडे उड्या मारतात, आणि मग रात्रभर कोडची उलटापालट चालते. बिचाऱ्या कोडचा बऱ्याचदा काही संबंध नसतो.

माझ्या सगळ्यात जास्त रात्री याच दुखण्यात गेल्या, म्हणून यावर जरा पाल्हाळ लावणार आहे. बाकीचं पुढे भराभर उरकतो.

कागदावर काढलेली रेघ म्हणजे शून्य ओहम. ब्रेडबोर्डवर तीच रेघ म्हणजे एक बारीक जंपर वायर आणि तिच्या दोन्ही टोकांना स्प्रिंगच्या पत्र्याची पकड. बोर्ड जुना झाला, किंवा कधीतरी त्यात डायोडचे जाड पाय कोंबले गेले, की ती पकड सैल पडते. मग अशा एकाच जोडणीत अर्धा ओहम सहज निघतो. १० मिलिअँपिअर खाणाऱ्या एलईडीला त्याचं काही वाटत नाही, कारण तिथे जेमतेम ५ मिलिव्होल्ट पडतात. पण छोटा सर्वो (सांगितलेल्या कोनात वळणारी मोटर) अडकला आणि त्याने ६०० मिलिअँपिअर ओढले, की त्याच वायरीवर ०.३ व्होल्ट पडतात.

०.३ व्होल्टने काय होतंय, असं वाटेल. एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. समजा सेन्सरचं आणि मोटरचं ग्राउंड (सप्लायच्या निगेटिव्हकडे परतायची वाट) एकाच वायरीतून मागे जातंय आणि मायक्रोकंट्रोलरचं ग्राउंड वेगळ्या वायरीने थेट सप्लायला लावलंय. मोटर फिरली की सेन्सरच्या पायाखालची जमीनच ०.३ व्होल्ट वर उचलली जाते. खोलीत २८ अंश असतात आणि स्क्रीनवर ५८ दिसतात. मी आधी सेन्सर बदलला, मग बोर्ड बदलला, मग कोडमध्ये वीस वाचनांची सरासरी घेतली. सरासरीने एवढंच झालं की ५८ हा आकडा अगदी स्थिर दिसायला लागला.

आता खरी मेख. मीटर घेतला तरी हे सापडत नाही, कारण काळा प्रोब आपण सप्लायच्या निगेटिव्हला क्लिपने अडकवून ठेवतो आणि फक्त लाल प्रोब इकडेतिकडे फिरवतो. चिपच्या व्हीसीसीवर (पॉझिटिव्ह सप्लायच्या पिनवर) ४.९ दिसतात आणि आपण खूश. चिपचं ग्राउंड किती वर चढलंय हे त्या मोजणीत येतच नाही. म्हणून काळा प्रोब उचला आणि चिपच्या स्वतःच्या ग्राउंड पिनवर टेकवा. लाल तिच्याच व्हीसीसी पिनवर. पिनवर म्हणजे चिपच्या पायावर, शेजारच्या भोकातल्या वायरीवर नाही. चिपला खरोखर काय मिळतंय ते हेच दोन पाय सांगतात.

दुसरी मोजणी याहून मजेशीर. एक प्रोब सप्लायच्या निगेटिव्हवर, दुसरा चिपच्या ग्राउंड पिनवर, आणि मोटर चालू. तारेची दोन टोकं मोजताय, म्हणजे खरं तर शून्य यायला हवं. पाच-दहा मिलिव्होल्ट आले तर सोडून द्या. शेकड्यात आले तर चोर सापडला. पॉझिटिव्हच्या बाजूनेही असंच करा.

कुणी म्हणेल, वायर तपासायला कंटिन्यूइटीचा बीप आहे की! त्या बीपवर माझा काडीचा विश्वास उरलेला नाही. बरेच मीटर वीस-तीस ओहमलासुद्धा आनंदाने बीप देतात. ओहमच्या रेंजवर मोजायला जाल तर मीटरच्या स्वतःच्याच वायरी दशांशात रेझिस्टन्स दाखवतात, त्यात अर्धा ओहम कुठला शोधणार? करंट वाहत असताना व्होल्टेज किती पडतंय ते मोजणं, हाच भरवशाचा उपाय.

अजून एक पेच आहे. मीटरचा आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो. सर्वो सुरू होताना काही मिलिसेकंद सप्लाय खाली बसतो, तो मीटरला दिसतही नाही. अर्दुइनो उनो या नवशिक्यांच्या लाडक्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावरच्या एटीमेगा३२८पी चिपला १६ मेगाहर्ट्झवर चालायला डेटाशीटप्रमाणे सुमारे ३.८ व्होल्ट तरी लागतात, आणि तिचा ब्राउनआउट रिसेट (व्होल्टेज फार उतरलं की चिपने आपोआप रिसेट होणं) मात्र २.७ च्या आसपास लावलेला असतो. या दोन आकड्यांच्या मधे सप्लाय गेला तर चिप रिसेटही होत नाही आणि शुद्धीवर राहील याची खात्रीही नसते. कोडमध्ये कधीच न सापडणारे भुताटकीचे बग इथे राहतात.

उपाय साधे आहेत. मोटरचं ग्राउंड वेगळ्या, जाड वायरीने थेट सप्लायपर्यंत न्या. जमलं तर मोटरला सप्लायच वेगळा द्या, पण दोन्ही सप्लायचे निगेटिव्ह एका ठिकाणी जोडायला विसरू नका, नाहीतर सिग्नलला परतीची वाटच उरत नाही. प्रत्येक चिपच्या पिनांना अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, मोटरजवळ ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक. रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) कॉइलवर उलटा डायोड हवाच, पट्टीचं टोक पॉझिटिव्हकडे. आणि ती नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटरला लावू नका. तिचा आतलाच रेझिस्टन्स ओहमांत असतो.

आता उरलेलं भराभर. लांब ब्रेडबोर्डच्या कडेची लाल-निळी पट्टी काही बोर्डांत मध्यावर तुटलेली असते, रेघेत खंड दिसतो का बघा. हात जवळ नेला की सर्किट चालतं आणि काढला की बिघडतं, असं असेल तर बहुतेक चिपचा एखादा इनपुट पिन कशालाच न जोडता हवेत लटकतोय. १० किलोओहमच्या रेझिस्टरने त्याला वर पॉझिटिव्हला किंवा खाली ग्राउंडला बांधा. बीसी५४७ आणि २एन३९०४ हे ट्रान्झिस्टर एकमेकांच्या जागी चालतात असं सर्रास सांगितलं जातं. चालतात, पण सपाट बाजू समोर धरली तर एकाचे पाय कलेक्टर-बेस-एमिटर आणि दुसऱ्याचे एमिटर-बेस-कलेक्टर. करंट मोजून झाला की लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकातून काढून व्होल्टच्या भोकात परत ठेवा, आत्ताच. नंतर बॅटरीचं व्होल्टेज बघायला जाल आणि तिला थेट शॉर्ट कराल.

शॉर्टकटबद्दल बोलायचं तर, एकेक पार्ट बदलून बघणं हा मला सगळ्यात वाईट मार्ग वाटतो. कधीकधी त्याने सर्किट चालतं, हेच वाईट. नवा पार्ट खोचताना सैल वायर हलते, सर्किट सुरू होतं, आणि चांगल्या चिपवर जळाल्याचा शिक्का बसतो.

गुरूंचंही तसंच. तुमच्या हातातून बोर्ड ओढून घेऊन दोन मिनिटांत दुरुस्त करून देणारा माणूस प्रेमळ असेल, पण त्याच्याकडून शिकायला काही मिळत नाही. आल्या आल्या ‘काय काय मोजलंस?’ असं विचारणारा खडूस बरा. सुरुवातीला त्याचा राग येतो. मग त्याच्याकडे जायच्या आधी आपण मोजून जायला लागतो, आणि निम्म्या वेळा जावंच लागत नाही.

पार्ट जळतील. एलईडी जातील, रेग्युलेटरला बोट चिकटेल, उलटा लावलेला इलेक्ट्रोलिटिक फट्‌दिशी फुटेल (डोळ्यांना चष्मा असू द्या). हे सगळ्यांचं होतं, त्यावरून आपल्याला हे जमणार नाही असं ठरवू नका. पण दोन ठिकाणी चुकायची मुभा नाही. मेन्सला (घरातल्या विजेला) जोडलेल्या उघड्या सर्किटमध्ये नवशिक्याने हात घालायचा नाही. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरवर जीवघेणा चार्ज राहू शकतो. आणि लिथियम सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करायचा नाही, शॉर्ट तर कधीच होऊ द्यायचा नाही.

ऑसिलोस्कोप (व्होल्टेज क्षणाक्षणाला कसं बदलतं ते स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) लगेच हवाच असं नाही. वर सांगितलेल्या मोजण्या मीटरने करून झाल्या आणि तरीही रिसेट थांबत नसेल, तेव्हा कुणाचा तरी मागून आणा. ट्रिगर ४.५ व्होल्टच्या उतरत्या कडेवर, मोड सिंगल, प्रोब चिपच्या व्हीसीसीवर, क्लिप तिच्याच ग्राउंडवर, आणि सर्वो हलवा. सप्लाय ४.५ च्या खाली घसरला की तेवढाच क्षण स्क्रीनवर पकडला जातो. फक्त ती क्लिप दुसरीकडे कुठे लावू नका. मेन्सवर चालणाऱ्या स्कोपमध्ये ती आतून अर्थला जोडलेली असते. बोर्ड अर्थ असलेल्या कॉम्प्युटरवरून चालत असेल आणि क्लिप चुकून पाच व्होल्टला लागली, तर तो सरळ शॉर्ट आहे.