कबड्डीत पंचगिरी करताय? या चुका टाळा

नियम पाठ असलेले पंच ढिगाने मिळतील, पण तालुक्याच्या स्पर्धेत रात्री साडेदहाला, यजमान टीम 2 पॉइंटने मागे, सगळं गाव मॅटभोवती ओरडतंय आणि वर डू-ऑर-डाय चढाई (दोन रिकाम्या चढायांनंतरची, पॉइंट नाही तर रेडर बाद) चाललीय, तेव्हा शिट्टी वेळेवर वाजवणारे फार कमी. घोळ बहुतेकदा नियमांचा नसतोच, डोक्याचा असतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे भरपाई. पहिल्या हाफमध्ये एका टीमचा बोनस (बोनस लाइन ओलांडल्याचा जादा पॉइंट) चुकून नाकारला, ब्रेकमध्ये कोणीतरी मोबाईलवर दाखवलं, मग दुसऱ्या हाफमध्ये त्याच टीमला एक ढिली पकड देऊन टाकली. तुम्हाला वाटतं हिशोब फिटला, पण आता चुका दोन झाल्या आणि भरवसा दोन्ही टीमचा उडाला. शंका आलीच तर पुढची चढाई सुरू व्हायच्या आत समोरच्या पंचाला विचारा, दोघांचं जुळत नसेल तर सरपंच, म्हणजे मॅचचा मुख्य पंच आहे. एकदा पुढची चढाई सुरू झाली की मागचं डोक्यातून काढा.

बोनस बघताना रेडरच्या तोंडाकडे बघत बसू नका, पाय बघा. पुढचा पाय लाइनपलीकडे टेकला तेव्हा मागचा हवेत होता का, समोर किमान सहा डिफेंडर होते का, बस. आणि अंगठा लगेच वर. पब्लिकचा आवाज ऐकून मग हात वर केलात तर निर्णय बरोबर असला तरी विकलेला वाटतो.

2023 ची हांगझोऊ एशियन गेम्सची फायनल आठवतेय ना? भारत-इराण 28-28, शेवटची काही सेकंदं, रेडर कोणाला न शिवता लॉबीत (मॅटच्या कडेच्या पट्टीत) गेला, त्याच्यामागे डिफेंडर गेले आणि लॉबीचा जुना नियम लावायचा की नवा, म्हणजे मागे गेलेले डिफेंडरही बाद की रेडर एकटाच, यावरच घोडं अडलं, निर्णय फिरत राहिला, खेळाडू मॅटवर बसले, मॅच तासभर बंद, शेवटी भारत 33-29. तिथे रिव्ह्यू होता, कॅमेरे होते, तरी ही गत! म्हणून टॉसलाच दोन्ही कॅप्टनना सांगून टाका की लॉबीला कुठला नियम लावणार.

कोच अंगावर आला तर? वाद घालू नका, समजावतही बसू नका. बोलायचं फक्त कॅप्टनशी, तेही दोन वाक्यं. ऐकत नसतील तर हिरवं कार्ड, मग पिवळं, दोन मिनिटं बाहेर. कार्ड शांतपणे दाखवा हो, नाकासमोर नाचवलंत की भांडण तुमचं पर्सनल होतं.

मॅचआधी आयोजकांच्या घरी मटणावर ताव मारणं बंद, पंगतीत सगळ्यांबरोबर जेवा. भाचा खेळत असेल तर ती मॅच दुसऱ्याला द्या.

रात्री ग्रुपवर क्लिप येणारच, "हा बघा पंच". रिप्लाय टाकू नका. लेखी तक्रार आली तर स्कोअरशीटच कामाला येते, त्यामुळे मैदान सोडायच्या आधी ती एकदा गुणलेखकाच्या शेजारी बसून तपासा आणि मगच सही करा.