बदली सोलापूरला झालीय? आधी शाळा, मग घर

सोलापुरात बदली झाली की बहुतेक जण आधी घर भाड्याने घेतात आणि शाळा नंतर शोधतात. मी उलटं करायला सांगेन. नोकरी चिंचोळी एमआयडीसीत असली, तरी रोज लांबचा प्रवास मोठ्या माणसाने करावा, सहा वर्षांच्या लेकराने नाही. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा शाळा चालत जाण्याइतकी जवळ हवी.

शाळा बघायला सुटीत जाऊ नका, चालू दिवशी जा. पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह स्वतः पाहा, वर्गात पंखे फिरतात का तेही. मग शाळा सुटताना फाटकाशी थांबून पालकांशी बोला. खरी माहिती तिथेच मिळते. इथे मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत, त्यामुळे घरची भाषा यापैकी असेल तर त्यांचाही जरूर विचार करा.

जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी घाबरू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार त्या कारणासाठी सरकारी किंवा अनुदानित शाळा पहिली ते आठवीचा प्रवेश अडवू शकत नाही.