अ‍ॅनाटॉमी पाठ होते पण टिकत नाही, त्याचं काय करायचं

फिटनेस ट्रेनरच्या सर्टिफिकेशनची परीक्षा झाली की थोड्याच दिवसांत ओरिजिन-इन्सर्शन, म्हणजे मसल कुठून निघतो आणि कुठे चिकटतो, सगळं उडून जातं, हे बहुतेक ट्रेनर लोकांचं होतंच, त्यात तुमचं डोकं कमी वगैरे काही नाही. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीलाच सगळ्यात झपाट्याने विसरलं जातं. त्यामुळे पुस्तक पुन्हा पुन्हा वाचत आणि हायलायटर मारत बसू नका, वाचताना सगळं येतंय असं वाटतं आणि क्लायंटने विचारलं की तोंड उघडत नाही. पुस्तक मिटा, आठवून बघा, अडलं की मगच उघडा. फ्लॅशकार्डचं अ‍ॅप वापरत असाल तर कार्ड स्वतः बनवा, दुसऱ्याचा तयार डेक (कार्डांचा गठ्ठा) बहुतेक वेळा वाया जातो.

२०६ हाडं आणि सहाशेच्या वर मसल्स ऐकून घाबरायला होतं, पण रोजच्या कामाला त्यातले मोजकेच लागतात. आधी हाडं करा. हा भाग सगळे टाळतात कारण बोअर आहे, पण हाडावरचा उंचवटा कुठे आहे हेच माहीत नसेल तर मसल तिथे चिकटतो हे वाक्य नुसतं घोकावं लागतं.

आणि प्रत्येक मसलला एकच प्रश्न विचारायचा, हा कुठले जॉइंट ओलांडतो? माझ्या मते निम्मी अ‍ॅनाटॉमी इथेच आहे. पोटरीच्या दोन मसल्सचंच बघा, गॅस्ट्रोक्नेमियस मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून निघतो म्हणजे तो गुडघा पण ओलांडतो आणि घोटा पण, सोलियस मात्र गुडघ्याच्या खालूनच सुरू होतो. आता खुर्चीत बसा, गुडघे काटकोनात, पोटरीचा वरचा फुगीर भाग चिमटीत धरा आणि टाच उचला. तो भाग बऱ्यापैकी सैलच राहतो, कारण गुडघा वाकल्यावर गॅस्ट्रोक्नेमियस आखूड झालेला असतो आणि त्याला फार जोर लावता येत नाही. मग उभं राहून तेच करा, लगेच दगडासारखा होतो. सीटेड आणि स्टँडिंग काफ रेज वेगळे का, हे एवढं केलं की पाठ करावं लागत नाही.

हॅमस्ट्रिंगचंही, म्हणजे मांडीच्या मागच्या मसल्सचंही तसंच. बाकीचे सगळे बसायच्या हाडापासून निघतात, फक्त त्यातल्या बायसेप्स फिमोरिसचा आखूड भाग, शॉर्ट हेड, हिप ओलांडतच नाही, म्हणून डेडलिफ्टमध्ये हिप सरळ करायला त्याची मदत नाही, त्याला काम द्यायचं तर गुडघा वाकवायचा, म्हणजे लेग कर्ल. दंडाचा बायसेप्स कळायचा असेल तर कोपर वाकवून त्यावर बोटं ठेवा आणि तळवा पालथा-उताणा करा, उताणा करताना तो टणकन वर येतो. आधी हे स्वतःवर करायचं, क्लायंटला हात लावायचा तर विचारूनच.

रोटेटर कफचे, म्हणजे खांद्याच्या सांध्याभोवतीचे चार मसल्स, सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर, सबस्कॅप्युलॅरिस, यांची आद्याक्षरं सगळ्यांना पाठ असतात पण कोण काय करतो विचारलं की शांतता. पहिला हात बाजूला उचलायला लागतो, मधले दोन हात बाहेर फिरवतात, शेवटचा आत. केबल मशीनवर एकेक हालचाल हळू करत नाव मोठ्याने घ्या, आजूबाजूचे बघतील, बघू देत.

सेशन झाल्यावर दोन मिनिटं काढून आजच्या एखाद्या एक्सरसाइजबद्दल न बघता लिहायचं, कुठला जॉइंट, कुठली हालचाल, कुठला मसल, आणि खाली येताना तोच मसल लांब होत काम करतोय का. क्लायंटला सांगताना मात्र लॅटिन नावं नकोत, साध्या भाषेत एका वाक्यात जमत नसेल तर तो मसल पुन्हा काढून बसा. आणि कोणी खांदा दुखतो म्हणालं की लगेच कफ टेअर (रोटेटर कफ फाटलाय) वगैरे बोलू नका, निदान करणं आपलं काम नाही, फिजिओकडे पाठवा आणि तो काय म्हणाला ते नंतर विचारून घ्या, त्यातून फार शिकायला मिळतं.

फोरआर्मचे वीस मसल्स सध्या राहू देत.