खरबूज आणि खारवलेले हॅम: खान्देशी उन्हाळ्यात या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या घरात जातो, तेव्हा जेवणाच्या सुरुवातीला काहीही गरम नको वाटते. इटलीत अशा दिवसांत गार खरबुजाच्या फोडीवर प्रोशुटोची, म्हणजे मिठात मुरवून महिनोन् महिने हवेवर वाळवलेल्या डुकराच्या मांडीच्या मांसाची (हॅमची), कागदासारखी पातळ पाती ठेवून देतात. चूल पेटवावी लागत नाही, म्हणून हा पदार्थ सोपा वाटतो. पण आपल्या हवेत तो ठरावीक ठिकाणी हमखास बिघडतो.

सर्वांत गंभीर चूक पाकिटापासूनच सुरू होते. बेकन दिसायला प्रोशुटोसारखे असले तरी ते सहसा कच्चे असते आणि शिजवल्याशिवाय खाऊ नये. साधे हॅम शिजवलेले असते. ते चालते, पण ओलसर असल्यामुळे लवकर खराब होते. इटलीतील पार्मा येथील प्रोशुटोत मांस आणि मीठ यांखेरीज काहीही नसते आणि ते वर्षाहून अधिक काळ मुरलेले असते. घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर, कुरडया-पापड वाळतात म्हणून मांसही वाळेल, असे मानून घरी प्रयोग करू नये, कारण हे मांस सुरुवातीचे कित्येक आठवडे थंडीत मिठात राहते, तर आपल्या उन्हात मीठ हाडापर्यंत पोहोचण्याआधीच ते सडेल.

नाशिक किंवा मुंबईहून पाकीट आणायचे असेल तर बर्फाच्या पेटीतच आणावे आणि गोठलेले असल्यास ओट्यावर न ठेवता फ्रिजमध्येच सुटू द्यावे. वाढण्यापूर्वी पाच-सात मिनिटे बाहेर काढले की चरबी मऊ होऊन चव खुलते. मात्र हवा 32 अंशांच्या वर असताना मांडलेले ताट तासाभराहून अधिक बाहेर ठेवू नये. गरोदर स्त्रियांनी हे न शिजवलेले मांस टाळावेच.

फळाच्या बाबतीत माझा आग्रह अधिक आहे. खरबूज तोडल्यावर मऊ होते, गोड होत नाही. म्हणून विकत घेतानाच देठाच्या विरुद्ध टोकाला नाक लावावे आणि सुगंध आला नाही तर ते परत ठेवावे. जाळीदार सालीच्या खाचांत माती व जंतू अडकतात आणि सुरीबरोबर आतल्या गरापर्यंत जातात, त्यामुळे कापण्याआधी ते वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासून कोरडे करावे.

पाण्याकडे दुर्लक्ष करणे ही मी स्वतः केलेली चूक. पाहुणे एकला येणार होते आणि मी साडेअकरालाच फोडींवर हॅम गुंडाळून ताट फ्रिजमध्ये ठेवले. बाहेर काढले तेव्हा तळाशी गोड-खारट पाणी साचले होते, फोडी लिबलिबीत झाल्या होत्या आणि हॅमच्या पात्या भिजलेल्या कागदासारख्या चिकटल्या होत्या. मांसातले मीठ फळातले पाणी ओढून घेते, हे लक्षात आल्यापासून मी बिया काढलेल्या फोडी पंधरा-वीस मिनिटे फ्रिजमध्ये चाळणीत निथळत ठेवते, सुती कापडाने टिपते आणि पाहुणे पाटावर बसल्यानंतरच दोन्ही एकत्र करते. वरून मीठ मुळीच घालत नाही; ताजी मिरपूड आणि लिंबाचे दोन थेंब पुरतात.

शहाद्याकडची पपई हाताशी असते, म्हणून ती वापरण्याचा मोह होतो. पूर्ण पिकलेली असेल तर चालते. अर्धवट पिकलेल्या पपईत मात्र मटण मऊ करणारे तेच पपेन उरलेले असते आणि त्याने हॅमचा पोत पिठूळ होतो. केळे येथे शोभत नाही, कारण ते मऊ मांसाला मऊच जोड देते. टरबूज घ्यायचे असल्यास निथळण्याचा वेळ दुप्पट धरावा.