दारात पार्सल आलं की आधी काय विचारायचं

गळ्यातलं ओळखपत्र पाहून दार उघडू नका. तसं कार्ड झेरॉक्सच्या दुकानात छापून, लॅमिनेट करून मिळतं. कंपनीचा टी-शर्ट आणि पाठीवरची चौकोनी बॅगही कुठूनही आणता येते. आलेला माणूस खरा आहे का, हे आपल्याकडच्या माहितीवरून ठरतं: काय मागवलंय, कोणाच्या नावाने, पैसे भरलेत की द्यायचेत. ही माहिती त्याच्या तोंडून ऐकायची, आपण आधी बोलून दाखवायची नाही.

घोटाळा नेमका इथे होतो. बेड्यापाशी, म्हणजे अंगणाच्या फाटकापाशी, कोणी "पार्सल!" म्हणून ओरडलं की घरातून सहज विचारलं जातं, "थोरल्याने पाठवलंय ना मुंबईहून?" समोरचा "हो" म्हणतो आणि पुढचं सगळं त्याला सोपं होतं. त्याऐवजी एवढंच विचारा: "दादा, कोणाच्या नावाचं आहे? कुठून आलंय? पैसे किती द्यायचेत?" खऱ्या माणसाच्या मोबाइलवर आणि खोक्यावरच्या लेबलवर हे तिन्ही असतं, त्यामुळे त्याला उत्तर द्यायला क्षणही लागत नाही. नुसतं नाव बरोबर आलं म्हणून हुरळू नका. नाव, पत्ता, फोन तर आपण उकिरड्यावर टाकलेल्या जुन्या खोक्यावरही असतो. म्हणून खोकं टाकण्यापूर्वी लेबल सोलून फाडायचं.

कोकणात बऱ्याच घरी ऑर्डर मुंबई-पुण्याहून मुलं करतात आणि दारात असतात आई-वडील. तिथे मुलांनी ऑर्डर करतानाच फोन करून चार गोष्टी सांगाव्यात: कंपनी कोणती, वस्तू कोणती, पैसे भरलेत की किती द्यायचेत, आणि साधारण कोणत्या दिवशी येईल. या गोष्टी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवा. कॅलेंडरवर नसलेलं, पैसे मागणारं पार्सल घ्यायचं नाही, रक्कम तीनशे रुपये असली तरी. न मागवलेल्या वस्तूचं खोकं आणून थोडकी रक्कम उकळायची हा प्रकार चालतो, कारण थोडक्या रकमेसाठी कोणी मुंबईला फोन लावून विचारत बसत नाही.

पडवीचा उपयोग करा. हाक आली की आधी मागीलदाराची कडी लावा, मग पुढे या. पावसात भिजत आलेल्या मुलाला पडवीत घ्या, पाणी द्या. यातली बहुतेक मुलं शेजारच्या गावातलीच असतात आणि दिवसभर घाट्या चढून-उतरून दमलेली असतात. पण पडताळणी होईपर्यंत आतलं दार लोटलेलं आणि कडी लावलेली असू द्या. बोलणं खिडकीच्या गजांतून होतं.

ओटीपी खोकं हातात आल्यावर, लेबल वाचून झाल्यावरच सांगायचा. फोनवर कधीच नाही. "ऑर्डर रद्द करायचीय, कोड सांगा" असं कोणी म्हणालं तर ती फसवणूक समजा. ऑर्डर अॅपमधून आपल्यालाच रद्द करता येते. आकडे सांगण्याआधी मेसेज पूर्ण वाचा. त्यात रक्कम आणि बँकेचं नाव असेल तर तो पार्सलचा कोड नव्हे. रेंजसाठी विहिरीपाशी किंवा वरच्या बांधावर जावं लागत असेल, तर दार उघडं टाकून जाऊ नका. कडी लावा आणि त्याला अंगणात थांबायला सांगा. नोंदवलेला मोबाइल मुंबईतल्या मुलाकडे असेल तर कोड त्याच्याकडून फोनवर घ्या, तोही पार्सल समोर आल्यावर.

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर येणारं नाव वाचा. भलत्याच व्यक्तीचं नाव आलं तर थांबा आणि रोख द्या. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. "परतावा देतो, पिन टाका" म्हणणारा आपलेच पैसे काढतो.

गॅसच्या गाडीवरचा माणूस ओळखीचा असतो, तोवर ठीक. तो बदलला की खरी परीक्षा. बुकिंगनंतर नोंदवलेल्या मोबाइलवर डीएसी, म्हणजे डिलिव्हरीचा कोड येतो. सिलिंडर पडवीत उतरवून, सील पाहून, वजन करूनच तो द्यायचा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच कोरलेलं असतं. समजा ते १५.३ असेल, तर काट्यावर २९.५ किलो दिसायला हवं. काटा सोबत आणणं त्याचं काम आहे, मागायला संकोचू नका. पावतीवर आपलं नाव, ग्राहक क्रमांक आणि रक्कम तपासा. सिलिंडर न आणता "गॅसची तपासणी आहे, नळी बदलायलाच हवी" म्हणत येणारा माणूस वेगळा. त्याला स्वयंपाकघरात नेण्याआधी एजन्सीला फोन करा, आणि तो क्रमांक आपल्या पुस्तकावरचा किंवा जुन्या पावतीवरचा घ्या. त्याने दिलेल्या क्रमांकावर त्याचाच साथीदार बोलेल. गळतीची शंका असेल तर १९०६.

फोनवर रस्ता विचारला तर देऊळ, एसटीचा थांबा, शाळा एवढ्या खुणा सांगा. घरी एकटी आहे, किंवा गणपती करून आम्ही मुंबईला परतलो, पडवीत ठेवून जा, हे सांगू नका. शेजारच्या घरी द्यायला सांगा आणि शेजाऱ्यांना तसं कळवा. पार्सलसाठी *४०१* किंवा *२१* ने सुरू होणारा नंबर डायल करायला सांगितलं तर फोन ठेवा. त्याने आपले कॉल दुसऱ्याच्या फोनवर वळू शकतात आणि कॉलवर येणारे ओटीपीही तिकडे जातात. चुकून केलंच असेल तर ##००२# डायल करून वळवलेले कॉल बंद होतात.

दाराला साखळी बसवणार असाल तर लोखंडी नको. खाऱ्या हवेत तिचे स्क्रू गंजतात आणि एका धक्क्यात निघतात. पितळी किंवा ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची घ्या. स्क्रू चौकटीच्या लाकडात किमान ३५ मिलिमीटर जायला हवेत, प्लास्टरमध्ये नाही. दारातलं बाहेर पाहायचं भिंग घरात रोज दार उघडणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसवा. घरातलं सर्वांत उंच माणूस मापाला धरू नका. बाहेरचा दिवा येणाऱ्याच्या तोंडावर पडेल असा लावा.

शंका फिटली नाही तर पार्सल घेऊ नका. "आत्ता नको, परत आणा" म्हणायचा आपल्याला हक्क आहे. खरं पार्सल पुन्हा येतं, पोस्टाचं असेल तर पोस्टात जाऊन घेता येतं. माणूस हटत नसेल तर ११२ लावा, गाडीचा नंबर लिहून ठेवा आणि पोलीस पाटलांना सांगा. पांढरी नंबरप्लेट किंवा परजिल्ह्यातली गाडी एवढ्यावरून संशय धरू नका, पुष्कळ मुलं स्वतःच्याच दुचाकीवर फिरतात. पैसे गेलेच असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके ते पुढच्या खात्यांत पसरतात. कंपनीचा मदत क्रमांक अॅपमधूनच घ्या, इंटरनेटवर शोधून मिळालेला लावू नका.