बरणीत माती निवळताना: मातीचे घटक आणि कणांचे आकार प्रयोगांतून शिकवणे

माती म्हणजे खनिज कण, सेंद्रिय पदार्थ, पाणी आणि हवा यांचे मिश्रण, ही व्याख्या सहावी-सातवीचे विद्यार्थी एका तासिकेत पाठ करतात. पण वाळू आणि चिकणमाती यांत नेमका फरक कशाचा, असे विचारले की उत्तर बहुधा रंगावर जाते. फरक मुख्यतः आकाराचा आहे. मृदाशास्त्रात सर्रास वापरल्या जाणाऱ्या वर्गीकरणानुसार 2 मिलिमीटरपेक्षा मोठे ते खडे, 2 ते 0.05 मिलिमीटरपर्यंत वाळू, 0.05 ते 0.002 मिलिमीटरपर्यंत पोयटा आणि त्याहून बारीक ती चिकणमाती. स्थापत्य अभियंते वापरतात त्या भारतीय मानकात वाळूची हद्द 4.75 ते 0.075 मिलिमीटर अशी आहे, त्यामुळे वर्गातल्या एखाद्या मुलाचे पालक बांधकामात असतील आणि घरून वेगळा आकडा आला, तर दोन्ही बरोबर आहेत हे शिक्षकांनी आधीच सांगून ठेवावे. चिकणमातीचा 0.002 मिलिमीटरचा कण मोहरीच्या दाण्याएवढा फुगवला, तर त्याच प्रमाणात वाळूचा सर्वांत मोठा कण दरवाजाच्या उंचीचा होईल. एवढे एकच उदाहरण फळ्यावर देऊन पुढचे सगळे मुलांच्या हातांवर सोपवावे.

नमुने कोठून घ्यावेत

ठाणे आणि नवी मुंबईत हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. येऊरच्या जंगलातून माती आणण्याचा मोह होतो, परंतु तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्याने तेथून माती उचलू नये. खाडीकिनाऱ्यावरची कांदळवनेही संरक्षित आहेत आणि तेथील चिखलात मुलांना उतरवणे धोक्याचेही आहे. शिवाय वाशी किंवा नेरूळच्या सोसायटीतल्या बागेची माती बहुतेक वेळा ट्रकने बाहेरून आणलेली असते आणि तिच्याखाली भरावाचा मुरूम असतो, म्हणजे ती त्या जागेची माती नसते. हे लपवू नये, उलट नमुन्याच्या चिठ्ठीवर तसे स्पष्ट लिहायला लावावे. तीन नमुने पुरतात: शाळेच्या आवारातली माती, रोपवाटिकेतली लाल माती आणि बांधकामाच्या जागेवरची वाळू. वरचा पालापाचोळा बाजूला सारून सुमारे 10 सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्यावी. पावसाळ्यात साचलेल्या पाण्याजवळची माती घेऊ नये, कारण त्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. ऑक्टोबरनंतरचा काळ सर्वांत सोयीचा. हातावर जखम असलेल्या मुलाला हातमोजे द्यावेत आणि काम झाल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवावेत.

बोटे आणि चाळणी

सुरुवात बोटांनी करावी. लिंबाएवढा मातीचा गोळा थोडे थोडे पाणी घालून मळावा आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये दाबत त्याची पट्टी पुढे सरकवावी. गोळाच होत नसेल तर माती वाळूची आहे. पट्टी अडीच सेंटिमीटरच्या आत तुटली तर चिकणमातीचे प्रमाण कमी. पाच सेंटिमीटरच्या पुढे गेली तर बरेच जास्त. बोटांत चरचर लागते ती वाळू, पावडरीसारखा मऊ स्पर्श पोयट्याचा, आणि जी बोटाला चिकटून राहते ती चिकणमाती. प्रत्येक गटाने आपला अंदाज या टप्प्यावर वहीत लिहून ठेवावा, तो नंतर खोडू नये.

चाळणीसाठी माती उन्हात पूर्ण वाळवावी लागते. वाळवण्यापूर्वी आणि नंतर वजन केले तर मातीतल्या पाण्याचे प्रमाणही आयते मिळते. ढेकळे लाकडी लाटण्याने हलकेच फोडावीत. दगडी बत्ता वापरू नये, कारण आपल्याकडचा मुरूम म्हणजे झिजलेला बेसॉल्ट असतो, त्याचे दाणे ठिसूळ असतात आणि जोरात कुटले की दाण्यांचाच चुरा होऊन मोजणी फसते. ढेकूळ आणि दाणा यांतला हा फरक मुलांना येथेच समजतो. चाळणीच्या छिद्राचा आकार विकत घेताना लिहिलेला नसतो, तो मुलांनी काढावा: एका सेंटिमीटरमध्ये किती छिद्रे बसतात ते भिंगाखाली मोजावे. दहा बसली तर छिद्र आणि तार मिळून 1 मिलिमीटर, म्हणजे छिद्र त्याहून थोडे लहान. रव्याची चाळण, मैद्याची चाळण आणि शेवटी मलमलीचे कापड अशा क्रमाने चाळून प्रत्येक थराचे वजन नोंदवावे. चाळून उरलेल्या जाड्या भागावरून पिशवीत गुंडाळलेले लोहचुंबक फिरवले तर काही काळे कण पिशवीला चिकटतात. ते बेसॉल्टमधल्या लोहयुक्त खनिजाचे असतात.

बरणी

मलमलीतून जे खाली जाते ते आणखी वेगळे करायला घरातली कोणतीही चाळण उपयोगी नाही; तेथे पाणीच हवे. सरळ बाजूंची काचेची बरणी एक तृतीयांश बारीक मातीने भरावी, वर पाणी भरून अर्धा चमचा कपडे धुण्याची पावडर घालावी आणि झाकण घट्ट लावून पाच मिनिटे जोरात हलवावी. पावडर घालायची ती चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून राहू नयेत म्हणून. प्रयोगशाळेत याच कामासाठी सोडिअम हेक्झामेटाफॉस्फेट वापरतात.

बरणी टेबलावर ठेवल्याक्षणी घड्याळ सुरू करावे. भौतिकशास्त्रज्ञ स्टोक्स यांनी 1851 साली मांडलेल्या नियमाप्रमाणे बारीक कण ज्या वेगाने खाली जातो तो त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे व्यास दहापट लहान झाला तर वेग शंभरपट कमी होतो. सुमारे 30 अंश तापमानाच्या पाण्यात 0.05 मिलिमीटरचा कण 15 सेंटिमीटर खाली यायला साधारण एक मिनिट घेतो, 0.002 मिलिमीटरच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी सुमारे नऊ तास लागतात. म्हणून एका मिनिटाला बरणीवर पहिली खूण करावी, ती वाळूची. दोन तासांनी दुसरी, तोवर बहुतेक पोयटा बसलेला असतो. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तिसरी. पाणी अजूनही गढूळ असले तर तीही नोंद आहे, बरणी हलवून घाई करू नये. वर तरंगणाऱ्या काड्या, मुळे आणि पानांचे तुकडे हा सेंद्रिय भाग. त्यातला पूर्ण कुजलेला भाग, म्हणजे कुथित मृदा, मात्र खाली कणांमध्ये मिसळून राहतो आणि थराला काळपट रंग देतो.

थरांची उंची पट्टीने मोजून टक्केवारी काढावी. समजा एकूण थर 8 सेंटिमीटर असून वाळू 4.8, पोयटा 2 आणि चिकणमाती 1.2 सेंटिमीटर आहे. प्रमाण 60, 25 आणि 15 टक्के, म्हणजे वालुकामय पोयट्याची माती (येथे ‘पोयट्याची’ म्हणजे तिन्ही कणांच्या मिश्रणाची). चिकणमातीचा थर पाणी धरून फुगलेला असतो, त्यामुळे तिचा आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त येतो. मोठ्या वर्गांना हे सांगावे; सहावीला नाही सांगितले तरी चालते.

यानंतरचा प्रयोग खाडीकाठच्या शहरांतल्या मुलांनी करायलाच हवा, असे मला वाटते. पावडर न घातलेल्या एका बरणीतले गढूळ पाणी तीन पेल्यांत सारखे वाटून घ्यावे. पहिला तसाच ठेवावा, दुसऱ्यात चमचाभर मीठ आणि तिसऱ्यात तुरटीची चिमूटभर पूड ढवळावी. चिकणमातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. मीठ आणि तुरटीतले धन आयन ही लोटालोट कमी करतात, कणांचे पुंजके होतात आणि जड झालेले पुंजके लवकर बसतात. तुरटीचा पेला सहसा सर्वांत आधी निवळतो. नदीचे गोडे पाणी गाळ घेऊन खाऱ्या पाण्याला मिळते तेथे हेच घडते, आणि खाडीच्या तळाशी एवढा बारीक चिखल साचण्यामागे हेही एक कारण आहे. अशी खारट माती बरणीत तशीच घातली तर चिकणमाती पोयट्याच्या वेगाने बसते आणि निष्कर्ष चुकतो. ती आधी दोन-तीनदा गोड्या पाण्याने धुऊन घ्यावी लागते.

हवेसाठी एकच सोपी मोजणी पुरे. मोजपात्रात 100 मिलिलिटर कोरडी माती आणि वेगळे मोजलेले 100 मिलिलिटर पाणी एकत्र करून ढवळावे. पातळी 200 पर्यंत पोहोचत नाही, आणि जेवढी कमी भरते तेवढी जागा हवेने व्यापलेली होती.

सर्व गटांचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत, त्यांच्या बाजूला पहिल्या दिवशीचा बोटांचा अंदाज लिहावा आणि ज्यांचे आकडे इतरांपासून फार दूर आहेत त्यांनी बरणी पुन्हा हलवून मोजावी. मोजणी संपली की बरण्या बेसिनमध्ये ओतू नयेत, कारण वाळू आणि चिकणमाती मिळून नळीत घट्ट बसतात. वरचे पाणी साबणाचे असल्याने ते नाल्याच्या जाळीवर टाकावे आणि खालची माती वाळवून आवारातल्या मोकळ्या कोपऱ्यात परत पसरावी.